मागे घे जरा

मामाने बशीतला उरलेला चहा संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मागे घे जरा."

मी पिक्चर थांबवला. मला वाटलं, आत्ता होऊन गेलेली चकमक परत बघायची असेल. ती नको होती त्याला. त्याला हवा होता एरवी कुणाच्या लक्षातही राहणार नाही असा तुकडा. वस्तीतले गर्दवाले पोलिसांनी हुसकावून लावलेत आणि आता त्याच पोलिसांतले काही जण तिथे ठाण मांडून बसलेत. गॅसच्या सिलिंडरमागे इतके, केबलमागे इतके, पाण्यामागे इतके. मागून नायकाचा आवाज हा सगळा धंदा समजावून सांगतोय. मी दहा-दहा सेकंदांनी मागे गेलो. मामाने तेवढंच पुन्हा पाहिलं आणि मान हलवली.

"ह्यां बरोबर दाखवल्यानी हा," म्हणाला. "चल, फुडे."

चौतीस वर्षं पोलिसात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचं हे प्रशस्तिपत्रक होतं. पोलिसांवरचे पिक्चर तो सहसा पाच मिनिटांत सोडून उठतो. नायकाच्या शर्टाची इस्त्री बघूनच सांगतो, ह्याने जन्मात बंदोबस्त केलेला नाही.

पिक्चर ब्राझीलचा होता, 'त्रोपा दे एलिते २', २०१० सालचा. हिंदी नाही, डबिंग नाही. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती आणि मामाला ती वाचायला वेळ लागत होता, म्हणून मी थांबवून थांबवून सांगत होतो. दोन तासांच्या पिक्चरला आम्हाला पावणेचार तास लागले. मधे एकदा वीज गेली, ती वेगळी.

हे बघायची वेळ कशी आली, तर २०२५ च्या दिवाळीला मी आजोळी गेलो होतो आणि घरून काम चालतंय म्हणून भाऊबीज झाल्यावरही रेंगाळलो होतो. २८ ऑक्टोबरला रिओ दी जानेरोच्या पेन्या आणि आलेमाँव या वस्त्यांमध्ये पोलिस घुसले. त्या एका मोहिमेत चार पोलिसांसकट १२० हून जास्त माणसं मेली. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या लोकांनीच प्रेतं आणून चौकात ओळीने मांडली. तो फोटो माझ्या मोबाइलवर मामाने पाहिला.

"ह्यां खंयचां रे?"

"ब्राझील."

"फुटबॉलवालां?" आणि मग बराच वेळ फोटोकडे बघून, "इतकी माणसां एका दिवसात?"

मी त्याला काळ्या गणवेशातल्या त्या पोलिसांबद्दल सांगायला लागलो. बोपे म्हणजे रिओच्या पोलिसांचं खास कारवायांचं पथक. काळी टोपी, बिल्ल्यावर कवटी, कवटीत वरून खुपसलेला सुरा आणि मागे आडवी दोन पिस्तुलं. त्यांच्या चिलखती गाडीला लोक 'मोठी कवटी'च म्हणतात. मामाचा पहिला प्रश्न अगदी साधा होता: पोलिसाच्या बिल्ल्यावर कवटी कशाला? मला उत्तर देता येईना. म्हटलं, यांच्यावर पिक्चर आहेत दोन, बघूया का?

खरं तर पहिला आधी दाखवायला हवा होता. मी मुद्दाम टाळला. पहिल्यात पोलिस लोकांच्या डोक्यात प्लॅस्टिकची पिशवी घालून गुदमरवतात, आणि ते मामाबरोबर बसून बघण्याइतका मी धीट नाही.

पहिला मी पाहिला २००९ मध्ये पुण्यात, हॉस्टेलच्या खोलीत, कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून. चोरीचा माल. पण त्या पिक्चरच्या बाबतीत हेच रीतीला धरून होतं म्हणायचं. २००७ मध्ये तो थिएटरला लागायच्या आधीच त्याची कच्ची प्रत फुटली आणि रिओच्या फुटपाथांवर विकली गेली. कोट्यवधी रुपयांची जाहिरात करून जे साधत नाही ते त्या चोरट्या डीव्हीडींनी साधलं. विकणाऱ्यांची अक्कल तर अशी की गिऱ्हाईक 'याच्या पुढचा आहे का' विचारायला लागल्यावर त्यांनी पुढचाही काढला. पोलिसांवरचे जुने माहितीपट घेतले, वर 'भाग दोन' लिहिलं आणि खपवले. खरा दुसरा भाग पडद्यावर यायच्या तीन वर्षं आधी दुसरा भाग लोकांनी बघितलेला होता! म्हणून खरा आला तेव्हा दिग्दर्शक जोसे पादिल्या याने तो सोन्याच्या बिस्किटांसारखा सांभाळला. डिजिटल प्रत बाहेर द्यायचीच नाही, थिएटरांना फिल्मची रिळंच पाठवायची, असा सगळा बंदोबस्त.

तर हॉस्टेलची खोली. दोन कॉटवर मिळून अकरा जण. पडद्यावर पिक्चरचा नायक, बोपेचा कॅप्टन नासिमेंतो नव्या पोलिसांना चिखलात लोळवतोय, थोबाडीत मारतोय आणि ओरडतोय 'पेजी प्रा साईर', म्हणजे 'सोडून जातो म्हण'. पुढे महिनाभर आमच्याकडे मेसची पोळी कच्ची आली तरी कुणीतरी ओरडायचं, पेजी प्रा साईर. ब्राझीलभर तेच झालं होतं हे मला नंतर कळलं. तिथल्या डाव्या मंडळींना आणि परदेशातल्या काही समीक्षकांना हा पिक्चर सरळसरळ फॅसिस्ट वाटला. दुसरीकडे २००८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला सोनेरी अस्वल, म्हणजे तिथलं पहिलं बक्षीस मिळालं, आणि परीक्षकांचा अध्यक्ष कोण, तर आयुष्यभर हुकूमशाहीविरुद्ध पिक्चर काढलेला कोस्ता-गाव्रास. पादिल्या सांगत होता की मी या माणसाच्या डोक्यात शिरून दाखवलंय, त्याचं कौतुक केलेलं नाही. त्याने आधी २००० सालच्या बस अपहरणावर माहितीपट केला होता. त्यात पोलिसांचा गलथानपणा त्याने जसा दाखवलाय तसा फार कमी जणांनी दाखवला असेल. पण सांगून काय उपयोग? अकरा जणांच्या खोलीत शिट्ट्या वाजत होत्या. त्यातली एक माझी होती.

शेवटचा सीन मात्र शिट्टीचा नव्हता. गच्चीवर एक गर्दवाला पडलाय. तो म्हणतो, तोंडावर गोळी घालू नका. बंदूक घेतलेला मातिअस, सगळ्या पिक्चरमधला सगळ्यात शिकलेला, समंजस पोरगा, ती थेट कॅमेऱ्याकडे रोखतो. म्हणजे आपल्याकडे. आवाज होतो आणि पडदा पांढरा पडतो. खोलीत एक क्षण कुणीच काही बोललं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "भारी." आणि आम्ही जेवायला गेलो.

दुसऱ्या भागाची सुरुवात या शिट्ट्यांपासूनच होते, असं मला आता मामाबरोबर बघताना वाटलं. एका तुरुंगात दंगा पेटतो. (तुरुंग हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला म्हणतात. पिस्तूल, काडतूस, लिलावही. पोलिस ठाण्याला लागणारं बरंच सामान आपण त्यांच्याकडून घेतलेलं दिसतंय.) फ्रागा नावाचा मानवी हक्कांवाला प्राध्यापक कैद्यांशी बोलायला आत जातो, बोलणी जमत येतात, आणि मातिअस म्होरक्याला गोळी घालतो. रक्त उडतं ते फ्रागाच्या टीशर्टवर. तोच टीशर्ट घालून तो बाहेर पत्रकारांसमोर उभा राहतो. आता नासिमेंतोची नोकरी जाणार हे उघड आहे. आणि तेवढ्यात तो एका रेस्टॉरंटमध्ये शिरतो, तर जेवणारे लोक हातातलं सोडून टाळ्या वाजवायला लागतात. नासिमेंतो गोंधळतो. टाळ्या सरकारलाही ऐकू जातात. मग एवढ्या लोकप्रिय माणसाला काढायचं कसं? त्याला बढती देऊन सुरक्षा खात्याच्या कचेरीत नेऊन बसवतात.

मामा हसला. म्हणाला, आमच्याकडे पण साइड पोस्टिंग असंच असायचं, फक्त टाळ्या नसायच्या.

आपल्या हॉस्टेलच्या खोलीत ज्या शिट्ट्या वाजल्या त्याच पादिल्याने पडद्यावर आणून ठेवल्या होत्या. २०१० मध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हे दिसलंच नव्हतं. तेव्हा मला आणि माझ्या त्याच मित्रांना दुसरा भाग आवडला नव्हता. 'पहिल्यासारखी मजा नाही', 'अॅक्शन कमी, भाषणं फार', 'नायकाला टाय घालून ऑफिसात काय बसवलाय'. आमचा हा निकाल दोन ओळींत लागला होता. ते वर्षच तसं होतं. २६/११ ला दोन वर्षं होत होती, महाराष्ट्रात फोर्स वन ही पोलिस कमांडोंची तुकडी उभी राहत होती, काळ्या गणवेशातल्या माणसांचे फोटो पेपरात येत होते, आणि आम्हाला ऑफिसातला पोलिस बघायचा नव्हता.

ब्राझीलच्या लोकांनी मात्र आमच्यासारखं केलं नाही. ८ ऑक्टोबरला पिक्चर लागला. पाचच दिवसांपूर्वी निवडणुकीची पहिली फेरी झाली होती आणि दुसरी महिनाअखेरीला व्हायची होती. एक कोटी दहा लाखांहून जास्त तिकिटं खपली. त्या वेळच्या एकोणीस कोटींच्या देशात साधारण सतरातल्या एकाने तिकीट काढलं म्हणायचं. १९७६ पासून, म्हणजे चौतीस वर्षं टिकलेला देशी पिक्चरचा विक्रम मोडला. पहिल्यावर नाकं मुरडणाऱ्या बऱ्याच जणांनी दुसऱ्याचं कौतुक केलं, कारण या वेळी फ्रागा बरोबर ठरत होता. नासिमेंतो ऑफिसात बसून बोपे वाढवतो, चिलखती गाड्या आणतो, गर्दवाल्यांचं कंबरडं मोडतो, आणि त्याला वाटतं जिंकलो. पण गर्दवाले पोलिसांना जो हप्ता पोचवत होते तो बंद पडतो, आणि भ्रष्ट पोलिसांना शोध लागतो की मधला माणूस गेला हे बरंच झालं. आता वस्तीकडून थेट घेता येईल. पैसेही आणि मतंही. मामाने मागे घ्यायला लावलेला सीन तो हाच.

इथे मला एक शब्द सारखा टोचत होता. आजोळ तळकोकणात, आजी गोव्याच्या सीमेवरची, त्यामुळे पोर्तुगीज कानावर पडलं की कान आपोआप ओळखीचं काहीतरी शोधतात. चावी, पाव, घमेलं, बटाटा. काजू तर झाडासकट ब्राझीलहून आला, आणि मामाच्या घराच्या मागे त्याची अडतीस कलमं आहेत. पण या पिक्चरमध्ये ओळखीचा शब्द होता 'पगार'. रिओवाले शेवटचा र घशातच गिळतात, पण ऐकू येतो. त्यांच्याकडे पगार म्हणजे देणे. पैसे मोजणे. आपण तो शब्द घेतला आणि हाताची दिशा फिरवली. आपल्याकडे पगार मिळतो. मी मामाला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याला शब्दाचं काही वाटलं नाही. तो वेगळंच विचारत होता.

"ह्येंका पगार नाय काय रे?"

"आहे. कमी आहे."

"कमी आमकाव होतो," मामा म्हणाला आणि पुढे बघायला लागला.

पिक्चरमधल्या या मिलिशिया, म्हणजे वस्तीत ठाण मांडून हप्ता घेणाऱ्या पोलिसांच्या टोळ्या, काही लेखकाने रचलेल्या नव्हत्या. २००८ मध्ये रिओच्या विधानसभेने त्यांची चौकशी केली होती. समितीचा अध्यक्ष मार्सेलो फ्रेशो. फ्रागा त्याच्यावरूनच बेतलाय. त्याच वर्षी बातान वस्तीत लपून राहून बातमी काढणाऱ्या 'ओ दिया' या दैनिकाच्या माणसांना मिलिशियाने पकडून छळलं होतं. पिक्चरमधली पत्रकार मुलगी तिथून आली, फक्त ती वाचत नाही. अहवालात दोनशेहून जास्त नावं होती. पोलिस, तुरुंगरक्षक, अग्निशमनवाले, राजकारणी. फ्रेशोच्या हाताखाली तेव्हा काम करणारी मारिएली फ्रांको पुढे नगरसेविका झाली आणि १४ मार्च २०१८ च्या रात्री गाडीतच तिला आणि तिच्या ड्रायव्हरला गोळ्या घातल्या गेल्या. २०२४ मध्ये त्या खुनाबद्दल दोघांना शिक्षा झाली. दोघेही माजी पोलिस. आणि बोपेत कॅप्टन राहिलेला आद्रियानो दा नोब्रेगा? त्याच्यावर मिलिशियाचा म्होरक्या असल्याचा आरोप होता. तो २०२० मध्ये बाहिया राज्यात लपलेला असताना पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. कवटीचा बिल्ला लावलेला खरा कॅप्टन कुठल्या बाजूला जाऊन उभा राहिला, हे लिहायची पादिल्याचीही हिंमत झाली नव्हती. त्याच्या पिक्चरमध्ये बोपे शेवटपर्यंत स्वच्छ राहते.

आणि माझी या पिक्चरबद्दलची तक्रार इथूनच सुरू होते. मामा सिलिंडरवर खूश होता, मी तितका खूश नव्हतो. उत्तरार्धात नासिमेंतोच्या पोराला गोळी लागते. मग तो रस्त्यात एका बड्या पुढाऱ्याची गाडी अडवतो, त्याला बाहेर खेचतो आणि लाथाबुक्क्यांनी तुडवतो. ब्राझीलच्या थिएटरांत या ठिकाणी टाळ्या पडल्या. पिक्चरच्या पहिल्या अर्ध्या तासात जो दिग्दर्शक टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बोट दाखवतो, तोच शेवटी त्यांच्या हातात टाळीचं आणखी चांगलं कारण ठेवतो. फक्त मार खाणारा बदलला. वस्तीतलं पोरगं होतं तिथे कोटटायवाला आला. पिक्चरचं पोटशीर्षकच आहे 'शत्रू आता दुसरा आहे'. दुसरा म्हणजे आपण नव्हेच.

पहिल्या भागाची बंदूक माझ्यावर रोखलेली होती. दुसरा भाग संपतो तो राजधानी ब्राझिलियावर, उंचावरून. कॅमेरा संसदेच्या इमारतींवरून तरंगत जातो आणि नासिमेंतोचा आवाज सांगतो की सगळी यंत्रणाच सडलीय. छान वाटतं. इतक्या उंचावरून बघणाऱ्याला आपलं घर दिसत नाही. पिक्चर म्हणून दुसरा भाग जास्त शहाणा आहे, जास्त खराही आहे, हे मी आता कबूल करतो. पण तो प्रेक्षकाला सोडून देतो. पहिल्याने नाही सोडलं. लोकांनी दुसऱ्याला डोक्यावर घेतलं त्याचं निदान थोडं कारण तरी हे असणार. मामाबरोबर बघेपर्यंत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण मीही सुटलेल्यांतलाच.

६ डिसेंबर २०१९. हैदराबादजवळ एका तरुण डॉक्टर मुलीवरच्या बलात्कार-खुनातले चार संशयित पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. सकाळी लोक पुलावर उभे राहून खालच्या पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या टाकत होते. आमच्या घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला, आणि मी, ब्राझीलच्या पोलिसी हिंसाचाराचे दोन-दोन पिक्चर पाहिलेल्या, पार्टीत त्यावर बोलणाऱ्या मी, खाली टाळ्या वाजवणारे तीन हात टाकले. कुणी मागितले नव्हते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल बाहेर आला. आयोगाचे अध्यक्ष नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. गोळ्या ठार मारायच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा, असं त्यात म्हटलं होतं. तो अहवाल आमच्या ग्रुपवर कुणी टाकला नाही. मीही नाही. त्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता आणि केकचे फोटो येत होते.

मामाने तेव्हा ग्रुपवर काय टाकलं होतं ते मी परवा मागे जाऊन शोधलं. काहीच नव्हतं टाकलं. त्यावर फार काही बांधायला नको. तो ग्रुपवर एरवीही फक्त गणपतीचे फोटो टाकतो.

पिक्चर संपला तेव्हा साडेसात झाले होते. नासिमेंतोचं पोरगं हॉस्पिटलात डोळे उघडतं तिथे मामाने "जगलो मां?" असं विचारून खात्री करून घेतली. मग नावं वर सरकायला लागली तरी तो उठेना. रिओतही त्या ऑक्टोबरच्या मोहिमेनंतर ज्या पाहण्या झाल्या त्यांत जास्त लोक पोलिसांच्याच बाजूने होते, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, असणारच. दारात रोज बंदूकवाला पोरगा उभा असला तर तुलाही पोलिस बरा वाटेल. मग परत गप्प.

मला वाटलं, अजून तो फोटोचा विचार करतोय. पण तो बाजारात होता.

लहानपणी सुट्टीत आम्ही पोरं आठवड्याच्या बाजाराची वाट बघायचो. त्या दिवशी मामाची ड्यूटी बाजारात. संध्याकाळी तो सायकलवरून यायचा आणि हँडलला काथ्याची फुगलेली पिशवी. तांबड्या भाजीच्या जुड्या, वालीच्या शेंगा, तवशी, कधी कणगी. तळाशी कागदात बांधलेलं खाजं. आम्ही पिशवीवर तुटून पडायचो, मामी ओरडायची की आधी हात धुवा. एरवी दारावर येणाऱ्या भाजीवालीशी मामी आठ आण्यांसाठी पाव तास भांडायची. बाजाराच्या पिशवीतल्या भाजीचा भाव तिने विचारलेला मला आठवत नाही.

"बाजाराच्या दिवशी," मामा पडद्यावर सरकणाऱ्या नावांकडे बघत म्हणाला, "माझ्या खिशात पाकीट नसायचां."

काय बोलावं ते मला सुचेना. थोड्या वेळाने मी विचारलं, "आणि खाजं?"

त्याने आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून.

"खाजां पण."

मी लॅपटॉप मिटला. आतून मामीने हाक मारून विचारलं, रात्रीला भाजी कसली करू.